लिलाववाल्यांचा आवाज

१

“बाई, बाबांचा आवाज गेला.”

फोनवर मुलगी रडत नव्हती. बाईंना तेच जास्त खटकलं.

“अगं, आवाज तर त्यांचा गेल्या वर्षीच...”

“तो नाही. दुसरा. कॉम्प्युटरमधला. एक वाक्य उरलेलं नाही. तुम्ही येताय ना?”

बाईंनी पायात चपला सरकवल्या आणि निघाल्या. शनिवारची सकाळ होती, पण उजाडल्यासारखं काही वाटत नव्हतं. धुक्यानं रस्त्यावरचे दिवे अजून गिळून ठेवले होते.

बाईंचा व्यवसाय माणसांना बोलतं करण्याचा. तोतरी मुलं, झटक्यानं जीभ जड झालेले म्हातारे, घशाची शस्त्रक्रिया झालेले लोक त्यांच्याकडे यायचे. दवाखान्यातल्या पोरांनी त्यांना ‘बोलक्या बाई’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पुढे थोरांच्याही तोंडी बसलं. प्रत्यक्षात त्या फारशा बोलत नसत. ऐकत असत. कुठला शब्द कुणाच्या तोंडात कुठे अडखळतो, हे हेरण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं.

आणि लिलाववाले हे त्यांचे सगळ्यात अवघड पेशंट होते. घाऊक भाजीबाजारात त्यांनी उभा जन्म लिलाव पुकारण्यात घालवला. एका टोकाला उभे राहून हाक दिली की दुसऱ्या टोकाचा हमाल पाठीवरचं पोतं तसंच धरून वळून बघायचा. अशा माणसाला तो आजार झाला, ज्यात डोकं लख्ख राहतं आणि बाकीचं शरीर एकेक करून रजेवर जातं. आधी हात गेले, मग पाय. जीभ जड व्हायला लागली तेव्हा बाईंनी घाई केली. “आहे तोवर साठवून ठेवू,” म्हणाल्या. मुलीनं माइक धरला, आणि लिलाववाल्यांनी महिनोन्‌महिने रोज थोडीथोडी वाक्यं बोलून ठेवली. ‘कूस बदल.’ ‘दिवा घालव.’ ‘त्या डॉक्टरला सांग, मी बहिरा नाही, ओरडू नकोस.’ बाजारातला पुकारासुद्धा त्यांनी हट्टानं भरून घेतला होता.

आता ते पलंगावर पडून असत. समोर पडदा, पडद्यावर चौकटी. प्रत्येक चौकटीत एक वाक्य. उजेडाचा ठिपका एकेका चौकटीवरून सरकायचा, आणि हवी ती चौकट आली की ते पायाच्या अंगठ्याखालचं बटण दाबायचे. त्या अंगठ्यात तेवढा जीव शिल्लक होता. बटण दाबलं की त्यांचा स्वतःचा, भरदार आवाज खोलीत घुमायचा.

फक्त लगेच नाही. कॉम्प्युटर जुना होता. बटण दाबल्यावर तो इतका वेळ घुटमळायचा, की विचारणारा माणूस तोवर दुसऱ्या कामाला लागायचा. बाईंनीच तगादा लावला होता, की मशीनची मेमरी वाढवून घ्या. काल, शुक्रवारी संध्याकाळी, दुरुस्तीवाला येऊन ते काम करून गेला होता.

लिफ्ट बंद होती. बाई तीन मजले चढून वर पोचल्या तेव्हा मुलगी दारातच उभी होती, आणि तिच्यामागे तिची आई, वहिनी. वहिनींनी केससुद्धा विंचरले नव्हते.

“त्यानं मेमरी बसवली, पेटी बंद केली आणि गेला,” वहिनी म्हणाल्या. “तेव्हापासून यंत्र मुकं आहे. एक शब्द नाही, बाई.”

बाईंनी बटण दाबून पाहिलं. चौकट उजळली आणि विझली. आवाज नाही. मुलीनं वाक्यांचा फोल्डर उघडून दाखवला. आत काहीच नव्हतं. शेजारचे फोल्डर मात्र जागच्या जागी होते. मुलीचा कॉलेजचा अभ्यास, सहलीचे फोटो, विजेची जुनी बिलं.

“बरं, घाबरू नकोस,” बाई म्हणाल्या. “मी तुला कॉपी करून ठेवायला छोटा ड्राइव्ह दिला होता ना? तो आण.”

मुलगी जागची हलली नाही.

“तो या टेबलाच्या खणात असायचा,” ती म्हणाली. “तोही नाहीये.”

२

लिलाववाल्यांचा धाकटा भाऊ आला तो जिना दणाणवतच. आता बाजारात तोच पुकारा करायचा, पण थोरल्याचा आवाज काही त्याला साधला नव्हता. घसा ताणून ताणून तो कायम बसलेला.

“त्या खटपट्यानंच केलं! जुनी मेमरी काढून घेऊन गेला ना तो? त्यातच दादाचा आवाज होता. मी त्याच्या दुकानावर जाऊन चार लोकांत त्याची लाज काढून आलोय. पुन्हा या घराचा उंबरठा चढलास तर तंगडं मोडीन म्हणून सांगितलंय.”

“भाऊजी, जरा हळू,” वहिनी पुटपुटल्या आणि आत निघून गेल्या.

बाईंनी पलंगाकडे पाहिलं. लिलाववाल्यांचे डोळे उघडे होते आणि ते दाराकडे लागले होते. दारामागे खुंटीवर त्यांचा बाजारचा कोट अजून तसाच टांगलेला होता. कुणाची वाट बघताहेत की काय, असं बाईंना वाटलं.

मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं. हा माणूस या खोलीतून हलूच शकत नाही. जे काही घडलं, ते याच्या डोळ्यांदेखत घडलं.

त्यांनी भिंतीला टेकवलेला अक्षरफळा उचलला. त्यावर ओळींनी अक्षरं होती. आपण एकेका अक्षरावरून बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की पेशंटनं पापणी मिटायची. वेळखाऊ, पण भरवशाचा प्रकार.

“दादा,” बाई खाली वाकून म्हणाल्या, “वाक्यं कुणी काढली, ते तुम्ही पाहिलंत ना?”

लिलाववाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. नजर स्वच्छ होती. मग त्यांनी डोळे मिटले, आणि मिटूनच घेतले. बाईंनी बोट फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं. पापण्या उघडल्या नाहीत.

“थकलाय तो,” भाऊ उंबऱ्याबाहेरूनच घाईनं म्हणाला. “काल तासभर बसलो होतो, तेव्हाही असाच होता.”

तो थकवा नव्हता. थकलेला माणूस डोळे मिटतो तेव्हा त्याचं कपाळ सैल पडतं. लिलाववाल्यांच्या कपाळाला आठी होती.

ते सांगू शकत होते, आणि सांगत नव्हते.

३

खटपट्याचं दुकान दोन इमारतींच्या फटीत होतं. फळीवर उघडे कॉम्प्युटर आतडी बाहेर काढल्यासारखे पडले होते. हा माणूस मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. एक वस्तू हातात असताना दुसरी उचलायची त्याची सवय, म्हणून बाजारानं त्याला खटपट्या हे नाव दिलं होतं. आज त्याचे दोन्ही हात रिकामे होते. समोरच्या दुकानातले लोक उगाच इकडे बघत होते.

“या. तुम्हीही घ्या तोंडसुख,” तो म्हणाला.

“मी विचारायला आलेय, बोलायला नाही. जुन्या मेमरीत आवाज राहू शकतो?”

“बाई, मेमरी म्हणजे कामाचं टेबल. कपाट वेगळं असतं. काम करायचं तेवढे कागद कपाटातून टेबलावर घ्यायचे. टेबल लहान असलं की सारखं उठबस, म्हणून मशीन रखडतं. मी फक्त टेबल मोठं करून दिलं. आणि वीज तोडली की त्या टेबलावर काही म्हणता काही उरत नाही. आवाज सगळा कपाटात. त्याला मी हात लावलेला नाही.”

“मग जुन्या पट्ट्या दाखवा.”

खटपट्या एकदम इकडेतिकडे बघायला लागला. “असतील इथेच कुठेतरी.”

“कुठे?”

“पसारा बघताय ना.”

“तुम्ही ‘पट्ट्या’ म्हणताना दर वेळी आवाज खाली का घेता?”

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, “आज सकाळी एका शाळेच्या मशीनमध्ये टाकल्या. लिलाववाल्यांच्या घरी न विचारता. चुकलंच. पण मी आवाजचोर नाही हो! माझी आई त्यांचा पुकारा ऐकून सांगायची, आज भाजी चढली की उतरली. मी काय करणार आहे त्यांचा आवाज घेऊन?”

बाईंना ते पटलं. पट्ट्यांबद्दल तो खोटं बोलला तेव्हा अडखळला होता. आता अडखळत नव्हता.

“खण उघडला होतात का टेबलाचा?”

“कुठला खण? मी पेटी उचलून खिडकीपाशी उजेडात नेली, तिथेच काम केलं.”

“आणि शेवटी? काम झाल्यावर मशीन लावून पाहिलंत?”

“म्हणजे काय! न पाहता निघेन? पुन्हा सगळं जोडलं, बटण त्यांच्या अंगठ्याखाली ठेवलं. त्यांनी दाबलं मात्र, लगेच आवाज! दचकलोच मी. मला म्हणाले, ‘चला, पुढचा माल आणा.’ बाजारातलं वाक्य ते. डोळ्यांनी हसत होते. वहिनी शेजारीच उभ्या होत्या.”

बाईंनी पदर सावरला. सकाळी वहिनींनी काय सांगितलं होतं, ते त्यांना शब्दन्‌शब्द आठवत होतं.

दोघांपैकी एक जण खोटं बोलत होतं.

४

कॉलेजच्या फाटकापाशी एक बाक होता. मुलगी तिथे बसली होती. घरी बसवत नाही म्हणाली.

“तू काल घरी आलीस तेव्हा काय होतं?”

“मशीन बंद होतं. आम्ही ते कधीच बंद करत नाही, बाई. बंद केलं की बाबा मुके. आई म्हणाली, त्या माणसानंच बंद करून ठेवलंय, उद्या बघू. आज सकाळी मी सुरू केलं, तर हे.”

“खणातल्या ड्राइव्हचं कुणाकुणाला माहीत होतं?”

“तुम्हाला, मला, बाबांना. आणि आईला. काकाला नाही. तो त्या खोलीत येतच नाही ना.”

“काल आला होता म्हणत होता. तासभर बसलो म्हणाला.”

मुलगी कसनुसं हसली. “काका दर आठवड्याला येतो, आणि जिन्यात बसून परत जातो. बाबांना तसं बघवत नाही त्याला. आम्ही सगळे बसला होता असंच धरून चालतो.”

बाई म्हणाल्या, “राग येऊ देऊ नकोस, पण विचारायला हवं. घरात मशीन चालवता येणारी तूच आहेस.”

“मीच असणार, असं काकाच्याही मनात आलंय. बोलत नाही तो.” तिनं नाक पुसलं. “बाई, मला दुसऱ्या शहरात नोकरी लागलीये. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘जा. मी फोनवर ओरडत जाईन.’ हे वाक्य त्यांनी आधीच भरून ठेवलं होतं. तो आवाज होता म्हणूनच मी जाऊ शकणार होते. आता आईवर सगळं टाकून कशी जाऊ? मी कशाला पुसेन?”

तेही खरं होतं. या पोरीचा निघायचा रस्ताच त्या आवाजावरून जात होता.

“आईला येतं का गं मशीन?”

“छे! ती माउसला हात लावत नाही. बाबा वाक्यं बोलायचे तेव्हा शेजारी विणत बसायची, तेवढंच.” मुलगी थांबली. “कॉपी करताना मात्र विचारायची. ही तुझी कापाकापी नि चिकटवाचिकटवी काय चालते म्हणून.”

ते बोलून झाल्यावर तिनं चमकून बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

५

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. ओट्यावर मंद ज्योतीवर पातळ पेज शिजत होती. नाकातल्या नळीतून जाईल इतकी पातळ. खिडकीच्या काचेवर वाफ साचली होती आणि बाहेरचं काही दिसत नव्हतं.

“सोमवारी फुप्फुसांचे डॉक्टर येणार आहेत ना?” बाईंनी विचारलं.

“हो. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवायची. मग मशीन श्वास देणार. त्याशिवाय पुढचा महिना काढणार नाहीत म्हणालेत.” वहिनी डाव फिरवत राहिल्या. “डॉक्टर म्हणतात, मी घरच्यांना विचारणार नाही, त्यांना विचारणार. आता आवाज नाही म्हटल्यावर फळ्यावर विचारतील. मी वाचून दाखवीन. त्यांचा फळा माझ्याइतका कुणाला वाचता येत नाही.”

“ते काय म्हणतात?”

“काय म्हणणार? जगायचं कुणाला नको असतं?”

“वहिनी, आवाज परत मिळायला हवा. आपण शोधू.”

“मरू दे तो आवाज!” वहिनी एकदम कडाडल्या. मग स्वतःच दचकून त्यांनी आवाज उतरवला. “असलं यंत्रच नको होतं, बाई. आपण काही विचारावं, आणि आपलं तोंड मिटायच्या आत ते उत्तर अंगावर फेकावं! माणूस असं बोलतो का? माणूस थोडा थांबतो. समोरच्याचं तोंड बघतो.”

बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या निघाल्या. दार ओढून घेतलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांचे पाय आपोआप थांबले.

तोंड मिटायच्या आत.

कुठलं यंत्र? गेलं वर्षभर या घरात जे यंत्र होतं ते रखडणारं होतं. त्याची वाट बघता बघता माणूस कंटाळायचा. झटकन उत्तर देणारं यंत्र या घरात आलं कालच, मेमरी वाढल्यावर. आणि वहिनींच्या सांगण्याप्रमाणे त्यानंतर ते एक शब्दही बोललं नव्हतं.

खालच्या पायरीवर कुणीतरी बसलं होतं. धाकटा भाऊ. हातातला रुमाल पिळत होता.

“भाऊ,” बाई त्याच्याशेजारी टेकल्या. “काल तुम्ही इथेच होतात. दुरुस्तीवाला इथूनच खाली गेला. त्यानंतर वरून काय ऐकू आलं?”

“काही नाही.”

“तुमचा घसा बसलेला आहे, तरी मला कळतं.”

त्यानं रुमाल तोंडावर दाबला. “दादाचा आवाज आला,” तो म्हणाला. “इतक्या दिवसांनी तसा खणखणीत. मी उठलो, आत जावं म्हणून. दाराला हात लावला तर... ‘नळी नको’ म्हणाला. वहिनी काहीतरी बोलल्या. पुन्हा, ‘नळी नको.’ मग वहिनी रडायला लागल्या. मी परत इथे येऊन बसलो.”

“म्हणजे खटपट्यानं काही केलं नाही, हे तुम्हाला कालपासून ठाऊक आहे?”

“मग मी ओरडू कुणावर? वहिनीवर?” तो उसळला. “तिनं वर्षभर त्याचं गू-मूत काढलंय, बाई. मी पायरीवर बसतो!”

बाई उठल्या आणि पुन्हा वर चढू लागल्या.

६

वहिनी पलंगाशेजारी बसल्या होत्या. बाई दार लोटून आत आल्या आणि उभ्याच राहिल्या.

“वहिनी, बोलू का? चुकलं तर थांबवा.”

वहिनींनी थांबवलं नाही.

“मेमरी बदलली म्हणून साठवलेलं काही जात नाही. शिवाय फक्त वाक्यं गेली, बाकी सगळं जागेवर आहे. म्हणजे कुणीतरी निवडून काढली. खणातली कॉपीही गेली. त्या खणाचं खटपट्याला माहीत नव्हतं, भाऊंनाही नव्हतं. मुलीला माहीत होतं, पण तिला हा आवाज हवा होता. त्याच्या जिवावर ती जाणार होती. राहता राहिलात तुम्ही. कापाकापी कशी करतात, ते मुलीला विचारून तुम्ही बघून ठेवलं होतं. मला ते पटत नव्हतं. पण मघाशी तुम्ही म्हणालात, तोंड मिटायच्या आत उत्तर येतं. ते तुम्हाला कालच्या संध्याकाळी सोडून कधी कळणार? आणि दादा डोळे मिटून घेतात. दुसऱ्या कुणासाठी मिटले असते त्यांनी?”

पलंगावर लिलाववाल्यांचे डोळे उघडे होते. ते बाईंकडे बघत नव्हते, वहिनींकडेही नाही. सकाळसारखे पुन्हा दाराकडे. दाराकडे नव्हे, दारामागच्या कोटाकडे. बाईंना आता कळलं. त्यांनी खुंटीवरून कोट काढला. आतल्या खिशात बोट घातलं. ड्राइव्ह तिथेच होता.

“मी फेकून द्यायला निघाले होते,” वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा होता. “खाली कचऱ्यापर्यंत गेले. पण आवाज होता ना हो त्यांचा तो. कसा टाकायचा?”

“का केलंत?”

“जुनं यंत्र बरं होतं. मी विचारायची, ‘नळी बसवायची ना?’ आणि तिकडनं उत्तर येईपर्यंत माझी पेज उतू जायची, दाराची बेल वाजायची. मी निघून जायची. पाठीमागे काहीतरी ऐकू यायचं. पण पाठीमागचं ऐकलंच पाहिजे असं नसतं. फळ्यावर तर सोपंच. बोट माझं. बोट उचललं की बोलणं संपलं.” त्यांनी नवऱ्याच्या कपाळावरची केसांची बट बाजूला केली. “काल मी विचारलं, आणि मला वळायलासुद्धा वेळ मिळाला नाही. ‘नळी नको.’ धडधाकट होते तेव्हाच्या आवाजात, बाई! मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. हे सोमवारी डॉक्टरांसमोर बोलले, की संपलं ना सगळं.”

“आणि तो दुकानदार? त्याच्या दुकानावर आज कुणी फिरकलेलं नाही.”

वहिनींनी मान फिरवली.

बाईंना राग आला होता. माणसाच्या तोंडातून शब्द काढून घेणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? पण समोर बसलेल्या वहिनींचे हात पेजेच्या वाफेनं सुरकुतलेले होते. बाईंनी ड्राइव्ह त्या हातांत ठेवला.

“मी लावणार नाही. मुलीलाही सांगणार नाही. काढलंत तसं तुम्हीच लावा,” त्या म्हणाल्या आणि बाहेर जाऊन बसल्या.

७

सोमवारी डॉक्टर आले. उंच, घाईतले गृहस्थ. पण खुर्ची ओढून नीट बसले. खोलीत मुलगी होती, बाई होत्या, आणि उंबऱ्याच्या आत, भिंतीला चिकटून, धाकटा भाऊ होता. त्याला आदल्या दिवशी बाईंनी खटपट्याच्या दुकानावर पाठवलं होतं. जिथे लाज काढली होती तिथेच, त्याच लोकांसमोर, त्यानं हात जोडले. खटपट्या म्हणाला, “ठीक आहे, पण माझ्या दुकानात बसू नका.” ते काही मिटलं नाही. मिटायला वेळ लागणार होता.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. नळी म्हणजे काय, ती नसली तर काय होईल, किती दिवसांत, त्रास होऊ नये म्हणून काय देता येईल. वहिनी एकटक फरशीकडे बघत होत्या. वाक्यं परत भरून पडदा त्यांनीच सुरू केला होता, शनिवारी संध्याकाळी, मुलीनं एकही प्रश्न न विचारता शेजारी बसून दाखवलं तसा.

“तर, काय ठरवलंत?” डॉक्टरांनी विचारलं.

उजेडाचा ठिपका सरकला. अंगठा हलला.

“नळी नको.”

डॉक्टरांनी पुन्हा एकदा विचारलं, नियमच होता तसा. पुन्हा तेच उत्तर आलं, त्याच भरदार आवाजात, बाजाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल असं. डॉक्टरांनी मान हलवली. औषधं लिहून दिली, वहिनींना नमस्कार केला आणि गेले.

मग वहिनी उठल्या.

“बाहेर व्हा सगळे,” त्या म्हणाल्या.

बाई, मुलगी आणि भाऊ बाहेरच्या खोलीत आले. दार पुरतं लागलं नव्हतं. आतून जे सुरू झालं ते मुलीनं कधी ऐकलं नव्हतं. आईचा चढा आवाज.

“तुम्ही ठरवणार! तुम्ही एकटे ठरवणार! उभा जन्म तुम्हीच बोली लावलीत आणि तुम्हीच माल उचललात! मला विचारलंत कधी?”

“हो,” यंत्र म्हणालं.

“कधी? कधी विचारलंत?”

“रोज.”

“खोटं! साफ खोटं! आणि मी काय करू नंतर? त्या पोरीला जायचंय, ती जाणार. मी या चार भिंतींत कुणाची कूस बदलू? बोला ना आता! येतंय ना फटाफट बोलता?”

साठवलेल्या सगळ्या वाक्यांत याचं उत्तर नसणार, हे बाईंना ठाऊक होतं. असलं वाक्य आधी भरून ठेवायचं कुणाच्या डोक्यात येणार?

मुलगी उठायला लागली. बाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

आतून काहीतरी घासल्याचा आवाज आला. अक्षरफळा भिंतीपासून ओढल्याचा. पाठोपाठ खुर्ची ओढल्याचा. मग वहिनींचा आवाज, बारीक, एकेक अक्षर वाचणारा. मध्येच तो फुटत होता, थांबत होता, आणि पुन्हा सुरू होत होता. त्यांनी बोट उचललं नव्हतं.

“भां... ड... भांड. म... ह... महिना? महिनाभर भांड.” त्यांनी जोरात नाक ओढलं. “मग पुढे? प... ण. पण. इ... थे. इथे. ब... स... बसून.”

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “बसलेय की.”

भाऊ उठला, दार लोटलं आणि आत जाऊन पलंगाच्या पायथ्याशी टेकला.